परदेशातली सेवा आणि घरची मंडळी : आमचं कसं जमलं

ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पत्र आलं. त्यांच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, मुलं भरपूर होती, शिकवणारे थोडे, आणि त्या थोड्यांनाही शिकवायचं कसं हे कुणी दाखवलेलं नव्हतं. काही महिने येऊन राहाल का, आमचे शिक्षक तयार कराल का, असं त्यांनी विचारलं होतं. (त्यांना विचारल्याशिवाय देशाचं आणि मंडळीचं नाव लिहिणं योग्य नाही, म्हणून लिहीत नाही.) अशा सेवेची ओढ मला बरीच वर्षं होती. तरीही पत्र वाचून आनंदाआधी काळजीच वाटली. आमच्या मंडळीतली शब्बाथ शाळा मी बघत होते. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या भेटी माझ्याकडे होत्या. मी गेले तर या सगळ्याचं काय?

परवाने, लसी, विमा यांची माहिती शोधली की मिळते. घरच्या मंडळीची घडी न विस्कटता कसं जायचं, हे मात्र मला कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

पत्राला उत्तर देण्याआधी मी आमच्या पाळकसाहेबांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) गेले. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. तिकडे होकार कळवून मग इकडे परवानगी मागितली, तर ती परवानगी राहत नाही, नुसती बातमी देणं होतं. पाळकसाहेबांनी पत्र वाचलं, प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, जावं की न जावं हे नंतर बघू. आधी मंडळीत तुम्ही जे जे करता ते एका कागदावर लिहून आणा. बारीकसारीकसुद्धा सोडू नका."

वर्ग, वार्षिक परीक्षा, शिक्षकांची बैठक, नाताळचा कार्यक्रम हे लगेच लिहून झालं. पण उपासनेनंतर एकट्या राहणाऱ्या एका बाईंना घरी सोडणं, पाळकसाहेब आजाऱ्यांना प्रभूभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस) द्यायला जातात तेव्हा सोबत जाणं, मंडळीत नवं कुटुंब आलं की पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन येणं, यातलं काहीच कुठल्या वहीत नव्हतं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. त्यातली काही कामं किल्ली हातात दिली की दुसऱ्याला करता आली असती, काही शिकवून सोपवता आली असती. उरलेली मात्र ओळखीवर आणि विश्वासावर चालणारी होती, आणि ओळख व्हायला महिने जातात. पुढचं सगळं वेळापत्रक आम्ही या शेवटच्या कामांवरून ठरवलं. व्हिसा किती दिवसांत मिळतो हा प्रश्न त्यानंतरचा.

ऑक्टोबरमध्ये विषय मंडळीच्या कमिटीपुढे आला. एका सभासदांनी सरळ विचारलं, "आपल्याकडेच शिक्षक कमी आहेत. असलेल्या बाई बाहेर पाठवायच्या आणि इथल्या मुलांना काय सांगायचं?" काहींना हा प्रश्न कडवट वाटला. मला तो खरा वाटला, आणि आजही वाटतो. परदेशी सेवेचं नाव काढलं की घरचे प्रश्न लहान ठरवायचे, असं करू नये. ज्या मुलांची नावं, आजार, परीक्षा आपल्याला माहीत आहेत, तीही प्रभूचीच आहेत.

त्यावर आमच्या मंडळीच्या 'वडिलां'पैकी, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्यांपैकी, सर्वांत ज्येष्ठ असलेल्यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १५ वा अध्याय उघडला. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला स्पेनला जायचं होतं आणि रोमच्या मंडळीने आपल्याला तिकडे वाटेला लावावं अशी त्याची आशा होती, हे त्याने तिथे लिहिलं आहे. पण लगेच पुढे तो म्हणतो की तूर्त मी यरुशलेमेला चाललो आहे. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी (विश्वासणाऱ्यांसाठी) वर्गणी गोळा केली होती, ती पोचवल्यावरच त्याला स्पेनची वाट धरायची होती. वडील म्हणाले, "ताईंनी जावं, असं माझं मत आहे. पण त्यांचं यरुशलेम आधी पूर्ण करून." तेव्हापासून आमच्या बैठकांमध्ये 'यरुशलेम कुठवर आलं?' असंच विचारलं जाऊ लागलं. जाण्याचा महिना सप्टेंबर २०२३ धरला, म्हणजे तयारीला जवळजवळ वर्ष मिळालं.

नोव्हेंबरमध्ये लेखी ठराव झाला. कुणालाही मी पहिली गोष्ट हीच सांगेन, तोंडी आशीर्वादावर जाऊ नका. आमच्या ठरावात सेवेचा उद्देश, अंदाजे मुदत, खर्च कोण कसा उचलणार, अहवाल किती दिवसांनी आणि कुणाला द्यायचा, आजारपणात निर्णय कोण घेणार, हे सगळं होतं. मंडळीला गरज पडली तर परत बोलावण्याचा तिला अधिकार राहील, हे कलमही होतं. हे कलम मला सुरुवातीला टोचलं. मग तरुण संघाच्या एका कार्यकर्त्याने जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरावियन (एका जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीचा दाखला दिला. १७३२ मध्ये त्या छोट्या मंडळीने लिओनहार्ड डोबर आणि डेव्हिड निचमन यांना कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर पाठवलं. निचमन सोबत करून लवकर परतला, डोबर मागे राहिला, आणि पुढे मंडळीनेच डोबरला वडील म्हणून काम करायला परत बोलावून घेतलं. पाठवणं आणि परत बोलावणं या दोन्ही गोष्टी एकाच मंडळीने केल्या होत्या. ते ऐकल्यावर कलमाबद्दलची माझी अडचण संपली.

पैशाचं आधीच स्पष्ट ठरवलं. पाळकसाहेबांचा पगार आणि मंडळीचा गरीब निधी यांना हात लावायचा नाही. खजिनदारांनी हिशेबात वेगळं खातं उघडलं. त्यात माझी बचत, मंडळीचं एक खास अर्पण आणि काही कुटुंबांनी दर महिन्याला द्यायची रक्कम जमा झाली. माझा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मात्र नेहमीसारखा मंडळीच्या सर्वसाधारण खात्यातच जात राहिला. मी दूर आहे म्हणून माझ्या मंडळीच्या दिव्याबत्तीचा खर्च थांबत नाही. अंदाजपत्रक करताना तिकीट आणि परवान्याचं शुल्क सगळ्यांनाच आठवतं. कागदपत्रांचं साक्षांकन, लसी, आणि आणीबाणीत दुसऱ्या देशात हलवण्याची सोय असलेला वैद्यकीय विमा हे लोक विसरतात. आमच्याकडे या तिन्हींची बेरीज तिकिटाच्या जवळ गेली. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, जरा महाग पडलं तरी. परतीच्या एका तातडीच्या तिकिटाइतकी रक्कम खजिनदारांकडे बाजूला ठेवा. तिकडे पैसे मागवायचे असतील तर थोडे थोडे नको, प्रत्येक वेळी बँकेचं शुल्क आणि विनिमय दरातला फरक दोन्ही जातात.

मग सुरू झालं सोपवणं. तरुण संघातली एक मुलगी शब्बाथ शाळेची जबाबदारी घ्यायला तयार झाली. पहिले काही महिने ती माझ्या वर्गात बसली, नंतर मी तिच्या वर्गात मागे बसले. तिची पद्धत माझ्याहून वेगळी होती. मी गोष्ट सांगून मग प्रश्न विचारते. ती आधी मुलांना बोलू देते आणि त्यातून गोष्टीकडे येते. वर्गात गलका व्हायचा आणि माझी जीभ शिवशिवायची. पण गप्प बसणं हेच तेव्हा माझं काम होतं. वृद्धांच्या भेटींना मी एका जोडप्याला सोबत नेऊ लागले. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी पहिल्या भेटीत त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोन-तीन महिन्यांनी मला विचारलं, "आज ती पोरगी नाही आली का गं?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता मी जाऊ शकेन.

कागदपत्रांचं काम एप्रिल २०२३ मध्ये हाती घेतलं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली हवी, शिवाय कोरी पानं हवीत. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर धार्मिक काम करता येत नाही, ते बिनपगारी असलं तरीही. काही दिवसांसाठी आहे, कोण विचारतंय, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. आपण पकडले गेलो तर आपल्याला परत पाठवतात, पण आपल्याला बोलावणाऱ्या मंडळीची नोंदणी अडचणीत येते. आम्ही धार्मिक सेवेच्या परवान्यासाठीच अर्ज केला. त्यासाठी तिकडच्या मंडळीचं निमंत्रण आणि तिच्या सरकारी नोंदणीची प्रत, आमच्या मंडळीचं पाठवणीपत्र, माझी शैक्षणिक प्रमाणपत्रं, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी लागली. पाठवणीपत्राला नोव्हेंबरचा ठराव जोडला, आणि मुदत व खर्चाबद्दलच्या सगळ्या प्रश्नांना त्याने उत्तर दिलं. ठराव मंडळीच्या शिस्तीसाठी केला होता, तोच सर्वांत उपयोगी कागद ठरला.

साक्षांकनाचं नीट विचारून घ्या. दोन्ही देश कागदपत्रांविषयीच्या १९६१ च्या हेग करारात असतील तर अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा एकच सरकारी शिक्का) पुरतं. एकजरी त्यात नसेल तर दूतावासाच्या शिक्क्यापर्यंतची लांब वाट चालावी लागते. पोलिसांचा दाखला फार आधी काढू नका, कारण तो ठरावीक महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आणि मुलांमध्ये काम करणार असाल तर बालसंरक्षणाचं लेखी धोरण दोन्ही मंडळ्यांकडे आहे का ते बघा. आमच्याकडे नव्हतं. या निमित्ताने ते तयार झालं, आणि आता शब्बाथ शाळेच्या प्रत्येक नव्या शिक्षकाला त्यावर सही करावी लागते. बाहेरच्या सेवेने घरच्या मंडळीला दिलेली ही पहिली गोष्ट, मी विमानात बसायच्याही आधीची.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस ठरलेल्या केंद्रातच मिळते. तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की ते आता आयुष्यभर चालतं, जुलै २०१६ पासून तसा नियम आहे. साठीच्या पुढच्यांनी आणि काही आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

सप्टेंबर आला आणि गेला. परवाना आला नव्हता. तिकडची मंडळी दर पंधरा दिवसांनी चौकशी करत होती आणि उत्तर एकच, प्रक्रिया सुरू आहे. हे महिने मला फार जड गेले. कामं सोपवून झाली होती, निरोपाच्या प्रार्थना झाल्या होत्या, आणि मी तिथेच होते. लोक भेटले की विचारायचे, "अजून इथेच?" परत सगळं हातात घ्यावं असं अनेकदा वाटलं. पाळकसाहेबांनी मला तसं करू दिलं नाही. त्या वर्षीचा नाताळचा कार्यक्रम त्या मुलीने बसवला आणि मी प्रेक्षकांत बसले. मला त्रास झाला आणि समाधानही झालं, दोन्ही एकाच वेळी. मागे वळून पाहता तो उशीर आमच्या मंडळीच्या भल्याचा होता. अडलं तर विचारायला मी जवळ होते आणि तरी काम माझं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये परवाना आला. निघण्याआधीच्या रविवारी बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १३ वा अध्याय वाचला गेला. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे आणि शिक्षक होते, आणि त्यांतून बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) या दोघांनाच पवित्र आत्म्याने मागून घेतलं. उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून मंडळीने त्यांची रवानगी केली. पाळकसाहेबांनी त्या दिवशी माझ्याबरोबर शब्बाथ शाळेची नवी प्रमुख आणि भेटींना जाणारं जोडपं यांनाही पुढे बोलावलं. चौघांवर हात ठेवून एकच प्रार्थना झाली. जाणाऱ्याची पाठवणी सगळीकडे होते. मागे राहून काम उचलणाऱ्यांनाही त्याच मानाने उभं करणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि प्रत्येक मंडळीने ते करावं असं मला मनापासून वाटतं.

तिथल्या कामाबद्दल थोडक्यातच लिहिते. मी मुलांना शिकवलं नाही, शिक्षकांना शिकवलं, तेही दुभाष्याच्या मदतीने, आणि पाठ त्यांनीच स्वाहिलीत तयार केले. मी निघून गेल्यावर बंद पडेल असं काही उभारायचं नाही, असं तिथल्या पाळकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलांचे फोटो काढायचे नाहीत हा नियम आम्ही आधीच केला होता. अहवाल त्यामुळे कमी रंगीत झाला, पण चालला.

घरच्या मंडळीशी संबंध कसा ठेवायचा, हे तिथे गेल्यावर खरं कठीण वाटलं. फोन हातात असतो. शब्बाथ शाळेच्या गटात काही वाद दिसला की उत्तर द्यावंसं वाटतं. आम्ही निघण्याआधीच ठरवलं होतं की मी त्या गटातून बाहेर पडेन, आणि आठवड्यातून एकदा प्रार्थना गटाला आवाजी निरोप पाठवेन. त्यात तिथल्या गरजा असत, आणि शेवटी मी इथल्या नावांसाठी प्रार्थना करत असे. त्यासाठी पाळकसाहेब मला दर शुक्रवारी आजाऱ्यांची, परीक्षेला बसणाऱ्यांची, नोकरी गेलेल्यांची नावं कळवायचे. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी देणगी पाठवली, सोबत आपल्यातल्या एपफ्रदीतालाही पाठवलं. तो तिथे मरणाच्या दारात जाऊन आला, आणि आपल्या आजाराची बातमी घरच्या मंडळीला कळली याचीच त्याला चिंता लागून राहिली. पौलाने मग त्याला परत पाठवलं. हे मी आधी कितीदा तरी वाचलं होतं, पण त्या चिंतेचा अर्थ तिथे कळला.

मे महिन्यात त्या अंथरुणाला खिळलेल्या आजी गेल्या. मी आफ्रिकेत होते. जोडप्याचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं की शेवटच्या रात्री दोघेही आजींजवळ होते, स्तोत्र २३ वाचत होते. मी खूप रडले. मी त्यांच्याजवळ असायला हवं होतं, ही भावना अनेक आठवडे गेली नाही, आणि ती चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. परदेशी सेवेची किंमत पैशात मोजली जाते त्याहून इथे जास्त मोजावी लागते. जाणाऱ्याने हे आधीच धरून चालावं. आजी एकट्या नव्हत्या, आणि त्या जोडप्यासाठी त्या आता 'ताईंच्या आजी' राहिल्या नव्हत्या, हा मात्र मोठा आधार होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये परतले. हिवतापाच्या गोळ्या परत आल्यावरही पूर्ण करायच्या असतात. माझ्या डॉक्सीसायक्लिनच्या आणखी चार आठवडे होत्या. नंतर काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी प्रवासाचं सांगा. पहिल्या महिन्यात शरीर थकलेलं होतं आणि मनही. उपासनेत बसल्यावर मला तिथली गाणी आठवायची, आणि कुणी "कसं होतं?" विचारलं की दोन वाक्यांपुढे बोलता येत नव्हतं. ज्येष्ठ वडील आणि त्यांच्या पत्नी यांनी मला घरी बोलावून तासन्‌तास ऐकून घेतलं, सल्ला न देता. परतणाऱ्यासाठी असा एखादा माणूस आधीच नेमून ठेवा.

पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतल्यावर त्यांनी मंडळी जमवली, देवाने काय केलं ते सांगितलं, आणि मग तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. कृत्ये १४ च्या शेवटच्या ओळी आहेत त्या. आम्हीही तसंच केलं. एका रविवारी अहवाल दिला, हिशेब वाचून दाखवला. उरलेली रक्कम त्याच खात्यात राहिली. त्यानंतर शब्बाथ शाळा परत घेता का, असं त्या मुलीनेच विचारलं. मी नाही म्हटलं. ती ते काम माझ्याहून वेगळं आणि चांगलं करत होती. मी तिच्याकडे सर्वांत लहान मुलांचा वर्ग मागितला. शिवाय तिकडच्या शिक्षकांकडून शिकलेली एक गोष्ट तिला दाखवली. त्यांच्याकडे पुस्तकं कमी, म्हणून मोठी मुलं पाठ तोंडपाठ करून लहानांना सांगतात. आता आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी मोठी मुलं लहानांना शिकवतात.

तिकडच्या मंडळीने २०२६ साठी पुन्हा बोलावलं आहे. कमिटीने ठरावात दोन कलमं वाढवली आहेत. परतल्यावर पहिले दोन महिने त्या व्यक्तीला कोणतंही पद द्यायचं नाही. आणि वृद्धांच्या भेटी सोपवताना नव्या माणसांना किमान सहा महिने सोबत न्यायचं. ज्या सभासदांनी पहिल्या बैठकीत इथल्या मुलांचं काय असं विचारलं होतं, त्यांनी तिसरं कलम सुचवलं आहे, दर वेळी तीच व्यक्ती जाऊ नये, दुसऱ्या कुणाची तरी तयारी करावी. त्यावर चर्चा पुढच्या बैठकीत आहे. मी त्यांच्या बाजूने मत देणार आहे.